फॉस्फरस कमी आला, पण ताटात तर सगळं आहे

प्रश्न : माझं वय ४६. गेले काही महिने जिना चढताना मांड्यांत त्राण नसल्यासारखं वाटतं, पाय आणि बरगड्या दुखतात. रक्त तपासलं तर फॉस्फरस १.९ आला. रिपोर्टवर २.५ ते ४.५ अशी मर्यादा छापली आहे. मी दूध, अंडी, डाळी असं सगळं खाते. पित्ताचा जुना त्रास आहे, म्हणून दोन्ही जेवणांनंतर पातळ औषध घेते. बाकी कुठलंही औषध नाही. काय खाल्लं तर फॉस्फरस वाढेल? गोळ्या घेतल्या तर चालतील का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात पित्ताच्या औषधापाशी मी थांबले. आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे असा रिपोर्ट घेऊन कुणी आलं की मी आधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते. काय जेवता, हे त्यानंतर विचारते. कारण नुसतं खाणं कमी पडल्यामुळे रक्तातला फॉस्फरस घसरणं तसं क्वचितच घडतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ७०० मिलिग्रॅम फॉस्फरस पुरतो. पेलाभर दुधात सव्वादोनशेच्या आसपास असतो, एका अंड्यात शंभरच्या जवळपास. डाळी, धान्यं, दाणे, मासे यांतूनही तो मिळतोच. शिवाय थोडे दिवस कमी मिळाला तरी मूत्रपिंडं लघवीतून तो जवळजवळ जाऊच देत नाहीत. त्यामुळे ताटात असूनही तो रक्तापर्यंत का पोचत नाही, हे शोधायला हवं.

आता ती बाटली हातात घ्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साईड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड किंवा कॅल्शियम कार्बोनेट, यांपैकी काही लिहिलेलं आहे का? हे घटक आम्लाचा जोर कमी करतात, पण आतड्यात अन्नातल्या फॉस्फेटलाही (अन्नात आणि शरीरात फॉस्फरस याच रूपात असतो) चिकटतात. त्यातही अ‍ॅल्युमिनियमची पकड घट्ट. अ‍ॅल्युमिनियम आणि फॉस्फेट मिळून जो क्षार तयार होतो तो विरघळत नाही, शोषला जात नाही, शौचावाटे निघून जातो. तुम्ही औषध घेता तेही नेमकं जेवणावर, म्हणजे दुधातला आणि डाळीतला फॉस्फेट आतड्यात असतानाच. आठवड्यातून एखाद्या वेळी घेतलं तर काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने रोज दोनदा घेतलं तर मात्र रक्तातलं प्रमाण उतरतं, स्नायू थकतात आणि पुढे हाडं मऊ पडून दुखू लागतात. तुमची लक्षणं या वर्णनाशी इतकी जुळतात की हे मला लिहायलाच हवं. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि औषध बदलता येईल का ते विचारा. आम्ल तयार होणंच कमी करणाऱ्या गोळ्या वेगळ्या पद्धतीने काम करतात, त्या फॉस्फेटला अशा बांधून ठेवत नाहीत. (मूत्रपिंडाच्या रुग्णांना फॉस्फेट बांधणारी औषधं मुद्दाम दिलेली असतात. हे वाचून त्यांनी ती बंद करू नयेत.)

दुसरा संशय ड जीवनसत्त्वाचा. ते कमी असलं की आतडं फॉस्फेट आणि कॅल्शियम दोन्ही नीट शोषत नाही. मग पॅराथायरॉईड ग्रंथी कॅल्शियम सावरायला धावतात आणि त्यांच्या संप्रेरकामुळे लघवीतून फॉस्फेट आणखी वाहून जातो. म्हणून ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पॅराथायरॉईडचं संप्रेरक यांची तपासणी एकत्र व्हावी. जोडीला लघवीतला फॉस्फेट मोजला तर बराच उलगडा होतो. तो अगदी कमी निघाला तर मूत्रपिंडं जपून वापरताहेत, दोष शोषणात आहे. रक्तात कमी असूनही लघवीत भरपूर निघाला तर गळती तिथेच आहे, आणि ती आहाराने बंद होणार नाही.

धान्य-डाळींतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, तो आपल्याला पूर्ण पचत नाही. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी त्यातला काही सुटतो. दूध, अंडी, मासे यांतला जास्त सहज शोषला जातो. पण तुम्ही दूध-अंडी खाताच, त्यामुळे एवढ्यावरून १.९ आकडा येणार नाही.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती जिवावर बेतू शकते. आजारपणामुळे, कडक उपासामुळे किंवा मद्याच्या व्यसनामुळे बरेच दिवस पोटात जवळजवळ काही गेलं नसेल, तर एकदम भरपेट जेवू घालू नका. पिष्टमय किंवा गोड पदार्थ पोटात गेले की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातला उरलासुरला फॉस्फेट पेशींत ओढला जातो. पहिल्या काही दिवसांतच तो इतका घसरू शकतो की श्वासाचे स्नायू आणि हृदय दुबळं पडतं. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, थोडं थोडंच खायला द्यावं लागतं.

ताई, पुन्हा तपासायला जाल तेव्हा सकाळी उपाशीपोटी रक्त द्या, जेवणानंतर हा आकडा खाली दिसू शकतो. हल्ली शिरेतून लोहाचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा. लोहाच्या काही इंजेक्शनांनंतर मूत्रपिंडातून फॉस्फेट जास्त जातो.

फॉस्फेटच्या गोळ्या किंवा पावडर स्वतःहून सुरू करू नका. त्यांनी जुलाब होतात, मूत्रपिंडं कमजोर असतील तर त्या घातक ठरतात, आणि पित्ताचं हेच औषध चालू राहिलं तर त्या गोळ्यांतलाही बराच फॉस्फेट आतड्यातच अडकेल. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत नेहमीचं जेवण चालू ठेवा. दम लागला, बोलताना गोंधळ उडू लागला किंवा हातपाय उचलता येईनासे झाले, तर वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.