अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये वर्षभर चाचण्या होतात, तरी स्टेरॉइड घेणारे खेळाडू सुटतात कसे? चाचणीत नेमकं बघतात तरी काय?

सुटतात, कारण प्रयोगशाळेला खेळाडूच्या अंगात वर्षभर काय चाललंय ते दिसत नाही. बाटली भरली त्या घडीची लघवी तेवढी दिसते. औषध किती दिवस मागे खूण ठेवतं, यावर बाकीचं सगळं ठरतं.

स्टॅनोझोलोल, क्लॉस्टेबोल ही स्टेरॉइड शरीर स्वतः बनवतच नाही. लघवीत त्यांचा अंश सापडला की वाद संपला, आणि हे अंश बराच काळ टिकतात. २००५ मध्ये राफाएल पाल्मेरो स्टॅनोझोलोलवर पकडला गेला, २०१६ मध्ये हेनरी मेहियाला बोल्डेनोन या दुसऱ्या स्टेरॉइडमुळे तिसऱ्यांदा दोषी ठरून आजीवन बंदी मिळाली (ती २०१८ मध्ये उठली), २०२२ मध्ये फर्नांडो तातिस ज्युनियर क्लॉस्टेबोलमुळे ८० सामने बाहेर बसला. त्वचेच्या औषधातून ते अंगात गेलं, असं तातिसचं म्हणणं होतं. पण या नियमात पोटात किंवा अंगावर काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच असते.

खरी अडचण टेस्टोस्टेरॉनची. ते प्रत्येकाच्या अंगात असतंच, मग बाहेरून घेतलेलं ओळखायचं कसं? पहिली चाळणी प्रमाणाची. शरीर टेस्टोस्टेरॉनसोबत एपिटेस्टोस्टेरॉन नावाचं दुसरं द्रव्यही बनवतं. बहुतेकांच्या लघवीत दोन्ही साधारण सारखीच असतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पहिलं वाढतं, दुसरं वाढत नाही. पहिल्याचं दुसऱ्याशी प्रमाण ४ च्या वर गेलं की शंका घेतात.

या चाळणीला भोकं आहेत. खेळाडूंना चोरून स्टेरॉइड पुरवणाऱ्या, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बाल्को कंपनीने आपल्या ‘क्रीम’ नावाच्या मलमात टेस्टोस्टेरॉनबरोबर एपिटेस्टोस्टेरॉनही मिसळलं होतं, म्हणजे प्रमाण बिघडायलाच नको. त्यांचं दुसरं औषध ‘क्लिअर’, म्हणजे टीएचजी नावाचं स्टेरॉइड, तर प्रयोगशाळांच्या यादीतच नव्हतं. २००३ मध्ये एका प्रशिक्षकाने त्याचा अंश असलेली सिरिंज नाव न सांगता पाठवली, तेव्हा कुठे लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत डॉन कॅटलिन यांच्या गटाने तो रेणू ओळखला. शिवाय काही लोकांच्या जनुकात असा फरक असतो की लघवीत टेस्टोस्टेरॉन मुळातच फार कमी उतरतं. पूर्व आशियात अशी माणसं बरीच आहेत. त्यांनी औषध घेतलं तरी आकडा ४ खालीच राहू शकतो. म्हणूनच २०१३ पासून प्रत्येक खेळाडूची स्वतःची नेहमीची पातळी नोंदवून ठेवतात, आणि नवा नमुना तिच्याशी ताडून पाहतात.

दुसरी चाळणी कार्बनची, आणि मला ती या सगळ्यात सर्वांत भरवशाची वाटते. औषधी टेस्टोस्टेरॉन मुख्यतः सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनवतात, त्यात जड कार्बन, म्हणजे कार्बन-१३, थोडा कमी असतो. मका आणि ऊस यांत तो जास्त असतो, आपल्या ज्वारी-बाजरीतही. अमेरिकन माणसाच्या खाण्यात मका, मक्यावर पोसलेलं मांस आणि साखर भरपूर, त्यामुळे त्याच्या शरीराने बनवलेलं टेस्टोस्टेरॉन औषधी टेस्टोस्टेरॉनपेक्षा जड निघतं. मग भात-गहू खाणाऱ्यावर अन्याय होत नाही का? नाही. कारण तुलना त्याच लघवीतल्या प्रेग्नानडायॉलसारख्या दुसऱ्या द्रव्याशी होते, आणि तेही त्याच जेवणातून बनलेलं असतं. दोघांत हजारी ३ भागांहून जास्त फरक दिसला की टेस्टोस्टेरॉन बाहेरचं. मात्र ही तपासणी महाग आणि वेळखाऊ, म्हणून ती सरसकट प्रत्येक नमुन्यावर होत नाही.

तरीही वेळेचा प्रश्न उरतोच. चघळायच्या गोळीतून किंवा मलमातून थोडं थोडं टेस्टोस्टेरॉन घेतलं तर काही तासांत पातळी खाली येते. मायामीजवळचा बायोजेनेसिस दवाखाना खेळाडूंना अशीच औषधं पुरवायचा. वाढीच्या हार्मोनचं तेच. त्यासाठी रक्त लागतं, आणि खूण जेमतेम एक-दोन दिवस राहते.

आता नमुना घेण्याची रीत बघा, कारण मोठी केस तिथेच फसली होती. नमुना घेणारा समोर उभा राहून पाहतो, खेळाडू स्वतः सीलबंद संच निवडतो, लघवी ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत वाटली जाते, ती फार पातळ नाही ना हे तपासतात, मग सील आणि सही. १ ऑक्टोबर २०११ ला, शनिवारी, मिलवॉकीत तिथल्या संघाचा खेळाडू रायन ब्रॉन याचा नमुना घेतला. त्याचं टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण २० च्याही वर गेल्याच्या बातम्या आल्या. पण नमुना घेणाऱ्याने बाटल्या सोमवारपर्यंत घरीच ठेवल्या, आणि नियम होता की विशेष अडचण नसेल तर त्याच दिवशी कुरिअरने पाठवायच्या. सील शाबूत होतं. तरी फेब्रुवारी २०१२ मध्ये लवाद श्याम दास यांनी शिक्षा रद्द केली. माझ्या मते निर्णय बरोबर होता. ज्याच्या पोटावर पाय येणार आहे त्याच्या बाबतीत तरी कागदावरची रीत तंतोतंत पाळलीच पाहिजे. पुढच्याच वर्षी बायोजेनेसिसच्या कागदांत ब्रॉनचं नाव निघालं आणि त्याने ६५ सामन्यांची बंदी मान्य केली.

बायोजेनेसिस प्रकरणात लघवीपेक्षा दवाखान्याच्या वह्या आणि साक्षी कामी आल्या. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ त्या प्रकरणात एकाही चाचणीत सापडला नव्हता. त्याला २११ सामन्यांची बंदी लागली, लवादाने ती १६२ वर, म्हणजे पूर्ण हंगामावर आणली.

आणि धोका पत्करतात तो पैशासाठी. २०१३ मध्ये जॉनी पेराल्टाने ५० सामन्यांची बंदी भोगली आणि त्याच हिवाळ्यात सेंट लुइस संघाने त्याच्याशी ४ वर्षांचा ५ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. यावर खेळाडूच भडकले. २०१४ पासून पहिल्या चुकीला ८० सामने, दुसऱ्याला पूर्ण हंगाम, तिसऱ्याला आजीवन बंदी झाली, वर त्या वर्षीच्या प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांनाही, मुकावं लागतं. बंदीच्या काळात पगार नाही. रॉबिन्सन कानोचे २०२१ चे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर असेच गेले. पण उरलेल्या वर्षांचा करार तसाच राहतो, संघाला तो मोडता येत नाही. माझ्या मते मोठी पळवाट हीच आहे. ती बुजवायची तर खेळाडूंच्या संघटनेची सही लागते, कारण ही सगळी चाचणी व्यवस्था मालक आणि संघटना यांच्या करारावर उभी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तो करार संपला आणि मार्च २०२२ मध्ये नवा होईपर्यंत स्टेरॉइडच्या चाचण्या बंदच होत्या.