केसपेपरवर ‘घसरून पडली’ एवढंच लिहू नका

प्रश्न : तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. एक बाई तीन महिन्यांत तिसऱ्यांदा ‘मोरीत घसरले’ म्हणून आली. सासू सोबत असते, नवराही माझाच पेशंट. घरात मारहाण होत असावी असा संशय येतो. विचारावं कसं?

उत्तर : सासूसमोर अजिबात नाही. ‘ड्रेसिंगला पेशंट एकटाच आत’ हा नियम सगळ्यांनाच लावा, म्हणजे कुणाला शंका येत नाही. दार लागणारी खोली हवी. पडदा नजर अडवतो, आवाज नाही. डॉक्टर पुरुष असतील तर नर्स सोबत असावी, पण ती त्याच गल्लीतली नाही ना, एवढं बघा. मग सरळ विचारा : “अशी जखम कुणी मारल्यानेही होते. घरात कुणी हात उचलतं का?” नाही म्हणाली तर ताणू नका. “कधी बोलावंसं वाटलं तर या,” एवढं पुरे.

“तुम्ही काय बोललात त्याला?” हे विचारू नका. नवऱ्याला बोलावून समजूत घालणं ही तर फॅमिली डॉक्टरांची जुनी चूक. तिने तोंड उघडलं हे त्याला कळतं आणि हिशेब रात्री घरी चुकता होतो.

हो म्हणाली, तर मारहाण वाढत चालली आहे का, जीवे मारण्याची धमकी दिली का, ती गरोदर आहे का, आज घरी जायला भीती वाटते का, हे विचारा. आणि गळा दाबला होता का, हे वेगळं विचाराच. ते ती आपणहून सांगेलच असं नाही. मानेवर वळ नसला तरी आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके दिसले तर पेनकिलर देऊन घरी पाठवू नका. सूज नंतर वाढते, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा असेल तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. मोठ्या रुग्णालयातच पाठवा.

प्रश्न : तिला पोलिसांत जायचं नाही. मग लिहू काय? कळवलं नाही तर मी अडकेन का?

उत्तर : लिहायचं ते असं : ‘काल रात्री नऊच्या सुमारास पतीने लाटण्याने मारले, असे रुग्ण सांगते. उजव्या दंडाच्या बाहेरील बाजूस, कोपरापासून 6 सेंमी वर, 5 × 2 सेंमीचा जांभळट वळ. दोन समांतर रेषा, मधली त्वचा फिकट.’ गोल दांडक्याचा मार असाच उमटतो, म्हणून या दोन रेषांचं मोल मोठं. ‘आरोप करते’ असले शब्द नकोत. वळाच्या रंगावरून ‘चार दिवसांपूर्वीचा’ असंही ठोकून देऊ नका, तो अंदाज हमखास चुकतो. हा तपशील दवाखान्यातल्या नोंदीत ठेवा; घरी जाणाऱ्या चिठ्ठीवर फक्त औषधं.

सज्ञान बाईला मारहाण झाली म्हणून तिच्या इच्छेविरुद्ध पोलिसांना कळवण्याची सरसकट सक्ती नाही. बलात्कार, ॲसिडहल्ला किंवा अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार असेल तर कळवावंच लागतं. भाजल्याची किंवा विषप्राशनाची केस एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांकडे नोंद होणारी केस) म्हणूनच पुढे पाठवा.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पोलीस तक्रारीवाचून दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. घरात राहण्याचा हक्क, पोटगी, संरक्षण, सगळं मागता येतं. तिची तयारी असेल तर तुम्ही स्वतः या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकता. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल कलम 4 नुसार तुमच्यावर जबाबदारी येत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र अशा बायकांसाठीच आहे. इतरत्र सरकारचं ‘सखी’ वन स्टॉप सेंटर गाठा. महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर तिला पाठ करायला सांगा, कागदावर देऊ नका. जीवावर बेतलं तर तातडीच्या मदतीसाठी 112.

प्रश्न : आमचे डॉक्टर माझ्या मिस्टरांना ओळखतात. माझे कागद मला मिळतील का?

उत्तर : मिळायलाच हवेत. मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदींची प्रत द्यावी, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. ती माहेरी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा, कपाटात नको. जखमेचा फोटो मोबाइलवर काढला असेल तर मिस्टरांना पासवर्ड माहीत आहे का, ते आधी बघा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो.