जिप्सीत आफ्टरमार्केट ईसीयू (इंजिन चालवणारा बाहेरचा कॉम्प्युटर) टाकला, आरपीएमचा काटा हलत नाही आणि एसी लावला की गाडी बंद पडते, काय करू?

काट्याचं आधी बघा की ओ, ईसीयूची टॅको वायर (आरपीएमच्या काट्याला सिग्नल देणारी) बहुतेक वेळा फक्त अर्थिंग, म्हणजे ग्राउंड देते, १२ व्होल्ट स्वतःहून देत नाही, म्हणून त्या वायरवरून इग्निशनच्या १२ व्होल्टला १ किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडा. बेळगावात उद्यमबागच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सोल्डर करून घ्या, नुसती पीळ मारून टेप लावू नका, खानापूर रोडच्या धक्क्यांनी सुटतंय ते. काटा हलला पण दुप्पट किंवा निम्मा दाखवत असेल तर सेटिंगमध्ये एका फेऱ्याला २ पल्स करा, चार सिलिंडरला तेच लागतात.

आता आयडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो आरपीएम; एसी लावल्यावर तोच पडतो. इंजिन पूर्ण गरम करा, क्लोज्ड लूप (ईसीयूने आपोआप आयडल सांभाळणं) बंद ठेवा, आयडलचा हवेचा व्हॅल्व्ह जवळजवळ बंद असताना थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूने आरपीएम टार्गेटच्या जरा खाली आणा. मग इग्निशन टायमिंगच्या टेबलात आयडलच्या खालच्या आरपीएमला दोन-चार डिग्री जास्त अ‍ॅडव्हान्स द्या (म्हणजे स्पार्क तेवढा आधी), आरपीएम पडायला लागला की इंजिन आपोआप सावरतं, व्हॅल्व्हपेक्षा हे लवकर काम करतं आणि माझ्या मते हाच खरा इलाज. एसीचा स्विच ईसीयूच्या इनपुटला जोडा, म्हणजे कॉम्प्रेसर लागायच्या आधीच व्हॅल्व्ह थोडा उघडेल. क्लोज्ड लूप सगळ्यात शेवटी चालू करा.