‘किथारा’ या शब्दाचा अर्थ काय, आणि ‘सतार’ हा शब्द त्यातूनच आला आहे का?

किथारा हे प्राचीन ग्रीसमधील लाकडी पेटीचे, बहुधा सात तारांचे वाद्य असून, घरगुती वापराच्या ‘लायर’ या साध्या तंतुवाद्यापेक्षा मोठे व जड असल्याने ते प्रामुख्याने व्यावसायिक वादकांच्या हाती असे. होमरच्या काव्यात त्याच शब्दाचे ‘किथारिस’ हे जुने रूप आढळते. लॅटिनमध्ये त्याचे ‘सिथारा’ झाले, त्यावरून ‘त्सिथर’ या जर्मन तंतुवाद्याचे नाव पडले, आणि स्पॅनिश ‘गितारा’मार्गे आपल्या ओळखीचा ‘गिटार’ हा शब्दही याच कुळातून आला. ‘सतार’ मात्र, उच्चार कितीही जवळचा वाटला तरी, फारसी ‘सेह’ म्हणजे तीन आणि ‘तार’ यांच्या जोडणीतून बनलेला स्वतंत्र शब्द आहे. मिरजेत घडणाऱ्या सतारीला तारा पुष्कळ असल्या, तरी नावात तीनच उरल्या आहेत.