प्रोटॉन एनएमआरचे पीक रुंद येतात? आधी ७.२६ कडे बघा

तुमचा प्रश्न असा की कॉलम (सिलिकाच्या नळीतून शुद्धीकरण) झाला, टीएलसीवर (शुद्धता तपासायच्या सिलिकाच्या पट्टीवर) एकच ठिपका आहे, तरी सीडीसीएल३ (ड्यूटेरियमवालं क्लोरोफॉर्म, एनएमआरचा नेहमीचा द्रावक) मधल्या प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे हायड्रोजन केंद्रकांच्या एनएमआर आलेखात, पीक बसके आणि रुंद दिसतात. मशीन चालवणारे म्हणतात मशीन ठणठणीत आहे. बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघतं.

स्पेक्ट्रम उघडा आणि ७.२६ पीपीएमचा (आलेखाच्या आडव्या पट्टीवरचं एकक) क्लोरोफॉर्मचा पीक मोठा करून बघा. टीएमएस (शून्याची खूण देणारा संदर्भ पदार्थ) घातलं असेल तर शून्यावरचाही बघा. तेही रुंद किंवा वाकडे असतील तर गडबड शिमिंगची (चुंबकीय क्षेत्र नमुन्यात एकसारखं करण्याची), म्हणजे बहुधा ट्यूबमधल्या द्रावणाची. ते सुईसारखे टोकदार आहेत आणि फक्त तुमच्या संयुगाचेच पीक पसरलेत, तर कारण रसायनात शोधा: एनएच-ओएचच्या प्रोटॉनची देवाणघेवाण, फार घट्ट द्रावण, किंवा अमाइड नाहीतर बॉक गटामुळे (अमाइनवरचा संरक्षक गट) होणारे रोटामर, म्हणजे बंध सावकाश फिरल्यामुळे वेगवेगळी दिसणारी एकाच रेणूची रूपं. रोटामरचा संशय असेल तर डीएमएसओ-डी६ मध्ये ६० अंशांच्या आसपास स्पेक्ट्रम घ्या. पीक एकत्र येऊन टोकदार होऊ लागले की शंका फिटली.

आता ट्यूब. ५ मिमीच्या ट्यूबमध्ये ०.६ मिली द्रावक हवा, उंची चार-साडेचार सेंटीमीटर भरते. मी एकदा २ मिग्रॅ पदार्थ होता म्हणून शहाणपणा करून ०.३ मिलीतच विरघळवला. द्रावणाची दोन्ही टोकं सिग्नल पकडणाऱ्या कॉइलच्या जवळ आली, शिमिंग काही केल्या जमेना आणि मिथाइलचा साधा सिंग्लेट (न फुटलेला एकच पीक) खांदे काढून बसला. आणखी ०.३ मिली घातल्यावर तोच सिंग्लेट सरळ उभा राहिला. अर्थात संहती निम्मी झाली, त्यामुळे आधीइतका सिग्नल-नॉइज (पार्श्वभूमीच्या खरखरीच्या तुलनेत सिग्नल) मिळवायला १६ ऐवजी ६४ स्कॅन घ्यावे लागले. सौदा परवडला.

द्रावण गाळल्याशिवाय ट्यूबमध्ये घालू नका, डोळ्याला स्वच्छ दिसलं तरी. पाश्चर पिपेटमध्ये कापसाचा छोटा बोळा घट्ट बसवा, आधी तो थोड्या द्रावकाने धुऊन घ्या, मग द्रावण जाऊ द्या. सिलिकाचे किंवा पॅलेडियम-कार्बनचे बारीक कण असेच अडतात. विरघळलेलं तांबं मात्र कापसाला दाद देत नाही. कॉपर वापरून अभिक्रिया केली असेल तर वर्कअपमध्येच (अभिक्रियेनंतरच्या धुलाईत) ईडीटीएच्या, म्हणजे धातू पकडून ठेवणाऱ्या पदार्थाच्या, द्रावणाने धुवा. कॉपर(II) पॅरामॅग्नेटिक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेलं) असल्यामुळे पीक फुगवतं. याच कारणासाठी ट्यूब क्रोमिक ॲसिडने धुऊ नये, क्रोमियम काचेला चिकटून राहतं. ॲसिटोनने धुवायची, आडवी ठेवून वाळवायची. कडक ओव्हनमध्ये टाकलेली ट्यूब वाकते, आणि वाकडी ट्यूब फिरवणं प्रोबच्या (मशीनमध्ये ट्यूब बसते त्या भागाच्या) जिवावर येतं.

जाता जाता: १.२६, २.०५ आणि ४.१२ ला पीक दिसले तर ‘नवीन एथिल एस्टर मिळालं’ असं गाइडला सांगायला धावू नका, ते कॉलममधलं एथिल ॲसिटेट आहे. (मी धावलो होतो.) डायक्लोरोमिथेन घालून दोन-तीनदा रोटाव्हॅपवर (द्रावक उडवायच्या फिरत्या यंत्रावर) उडवा, मग हाय व्हॅक्यूमला लावा. १.५६ चा पीक पाण्याचा आणि २.१७ चा ॲसिटोनचा, म्हणजे ट्यूब नीट वाळली नव्हती.