चीक फेकला गेला, आता काय?

तू विचारलंस ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. पारोळ्याला सिझेरियन झालं. पहिले दोन दिवस आलेलं घट्ट पिवळं दूध सासूबाईंनी 'नासकं' म्हणून पिळून टाकायला लावलं आणि बाळाला मध चाटवला. आज नववा दिवस. अंगावरचं दूध चालू आहे, पण बाळ दिवसातून आठ-नऊ वेळा पातळ पिवळी शी करतंय. घाबरून नवऱ्याने पावडरचा डबा आणलाय आणि त्यावर 'आईच्या दुधातला घटक असलेला' असं छापलंय. चीक गेला म्हणून पोट कायमचं कच्चं राहील का, आणि डबा ती भरपाई करेल का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. का, ते जरा सविस्तर सांगते. धुळे जिल्ह्यात बाळंतिणींच्या वॉर्डात मी सत्तावीस वर्षं काढली, त्यामुळे हा चीक बेसिनमध्ये जाताना खूपदा पाहिलाय.

एक आजी अजून डोळ्यांपुढे आहे. सुनेचा चीक स्टीलच्या वाटीत पिळून घेतलेला, हळद कालवल्यासारखा पिवळा, बोटाला चिकटणारा, जेमतेम दोन चमचे. तो ओतायला निघताना ती मला कौतुकाने सांगत होती की परवा घरची गाय व्यायली, वासरू उठेना, म्हणून मी रात्री दोनला उठून त्याला चीक पाजला. मी म्हटलं, "आजी, वासरूले चीक, आनी नातूले काबर नही?" आजी हसली. वाटी मात्र तोवर रिकामी झाली होती.

पुढे मला कळलं की माझा टोमणा बरोबर असला तरी कारण दोन्हीकडे सारखं नाही. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं मिळतच नाहीत. ती सगळी चिकातून घ्यायची असतात, तीही पहिल्या दिवसातच, कारण नंतर वासराच्या आतड्याची दारं बंद होतात. माणसाच्या बाळाला मात्र रक्तातली प्रतिद्रव्यं वारेतून, पोटात असतानाच मिळतात. त्यामुळे तुझं बाळ उघडं जन्माला आलेलं नाही, ही भीती आधी मनातून काढ.

आपल्या चिकात आणि दुधात जी प्रतिद्रव्यं असतात, ती रक्तात जायला आलेलीच नसतात. ती सहजी पचत नाहीत, आतड्याच्या आतल्या अस्तरावर पसरून राहतात आणि जंतूंना तिथे चिकटू देत नाहीत. गंमत म्हणजे ती तुझ्याच घरातल्या जंतूंवर बेतलेली असतात. तुझ्या आतड्यात जो जंतू येतो त्याला ओळखणाऱ्या पेशी रक्तातून स्तनांपर्यंत पोचतात आणि त्याच्यावरचा उतारा दुधातून बाळाला जातो. म्हणून आईला सर्दी-ताप असला तरी मी पाजणं थांबवू देत नसे. चिकात हे जास्त दाट असतं हे खरं, पण नंतरच्या दुधातही ते असतंच. नवव्या दिवशी तर तुझं दूध अजून मधल्या टप्प्यातलं आहे, पूर्ण बदलायला साधारण दोन आठवडे लागतात.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आईच्या दुधात लॅक्टोज (दुधातली मुख्य साखर) आणि चरबीनंतर जो घन पदार्थ सर्वांत जास्त असतो, तो बाळाला पचतच नाही! ह्या छोट्या साखळ्यांसारख्या साखरा असतात, ऑलिगोसॅकराइड म्हणतात त्यांना. एका लिटरमध्ये साधारण 5 ते 15 ग्रॅम, चिकात त्याहून जास्त, आणि प्रकार दीडशेच्या वर. आई आपल्या अंगातली शक्ती खर्चून, बाळाला न पचणारं काहीतरी एवढ्या प्रमाणात का बनवेल? कारण ते जेवण बाळाचं नाही, बाळाच्या मोठ्या आतड्यातल्या बायफिडो जातीच्या जंतूंचं आहे. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये हे जंतू भरपूर असतात, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत टिसिए यांनी 1900 च्या सुमारासच पाहिलं होतं. त्यांना पोसतं काय, हे कळायला मात्र पुढे अर्धं शतक गेलं.

हे जंतू त्या साखरा खाऊन आम्ल तयार करतात. आतडं आंबट झालं की जुलाबाच्या जंतूंना तिथे जम बसवता येत नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दाट उगवली की तणाला जागा उरत नाही, तसंच. शिवाय ह्यातल्या काही साखरा आतड्याच्या अस्तरावरच्या साखरेसारख्याच दिसतात. रोगजंतू फसून त्यांना चिकटतो आणि शीबरोबर बाहेर पडतो.

लंगोट उघडून बघ. पिवळी, पातळ, मोहरीचे दाणे फुटल्यासारखी, किंचित आंबूस वासाची शी? मग ते जुलाब नाहीत, हेच सगळं काम नीट चाललंय. आठ-नऊ वेळा होणं ह्या वयात चालतं. दीड महिन्यानंतर हेच बाळ कदाचित चार-पाच दिवस शी करणार नाही आणि तू पुन्हा घाबरशील, तेही आत्ताच सांगून ठेवते.

बाकी घटक भराभर सांगते. लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन लोह धरून ठेवतं, म्हणजे लोहावर वाढणारे जंतू उपाशी राहतात. वाढीला चालना देणारे घटक आतड्याचं कोवळं अस्तर भरून काढतात. चरबी पचवणारं एक विकर (एन्झाइम) दूध स्वतःबरोबरच आणतं, कारण बाळाचं स्वादुपिंड अजून पुरेसं तयार नसतं. हे विकर उष्णतेने मरतं, तेव्हा काढलेलं दूध कोमट करायचं झालं तर वाटी गरम पाण्यात ठेवायची, गॅसवर नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांमध्ये आतडं सडण्याचा एक भयंकर आजार होतो, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी दूधपेढी सुरू केली, ती अशाच नाजूक बाळांसाठी.

डब्यावरचा तो 'घटक' म्हणजे ह्या दीडशेंपैकी एखादी किंवा मोजक्या साखरा, कारखान्यात जंतूंकडून बनवून घेतलेल्या. खोटं नाही, पण प्रतिद्रव्यं, पेशी, विकरं त्यात नाहीत. ज्या बाळाला खरोखर गरज आहे त्याला पावडर जरूर द्यावी, मी तिची शत्रू नाही. पण तुला दूध येतंय. डबा सुरू केला की बाळ कमी ओढेल, आणि बाळाने कमी ओढलं की दूध कमी बनेल. मग घरात सगळे म्हणतील, "बघा, दूध पुरस नही."

मध आता बंद, वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यात कधीकधी असे बीजाणू असतात जे लहान बाळाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडतात. क्वचित होतं, पण बाळाला शी होईनाशी झाली, रडणं-ओढणं मंदावलं, तर डॉक्टरांना मध चाटवल्याचं न लाजता सांग. घुटी नको. पाणीही नको, उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 ला गेला तरी नको. दुधात 87-88 टक्के पाणीच असतं, फक्त जास्त वेळा पाज. आणि तुला कुणी केळी बंद केली असतील तर निवांत खा. रावेर-यावलच्या बायका केळीच्या बागेत राबणार आणि बाळंतपणात केळ्याला हात लावणार नाहीत, हे मला कधी पटलं नाही.

शीमध्ये रक्त, पांढुरकी मातकट शी, हिरवी उलटी, ताप, बाळ सुस्त पडून पिईनासं होणं, ह्यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांनाही कुणीतरी हेच शिकवलं असणार. दिवसभरात किती लंगोट शूने ओले होतात ते मोज, सहा किंवा जास्त हवेत. चौदाव्या दिवसापर्यंत वजन जन्माच्या वजनावर परत यायला हवं. आशाताईंकडे काटा असतो, त्यांना घरी बोलवून वजन करून घे आणि दोन्ही आकडे इथे टाक. तोवर डब्याचं सील तोडू नका, दुकानदार परत घेईल.