७४ वर्षांच्या मधुमेही आईला विसर पडतोय. डॉक्टर म्हणतात शुगर थोडी जास्त चालेल. हे बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की आईंना २० वर्षांपासून मधुमेह आहे, मुलुंडच्या घरी त्या सकाळी ८ ते रात्री ८ एकट्या असतात, गोळी घेतली की नाही तेच त्यांना आठवत नाही. एचबीएवनसी (सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.४ आहे आणि डॉक्टर ८ पर्यंत चालेल म्हणतात. शुगर वाढली तर मेंदू आणखी बिघडेल, अशी तुम्हाला भीती वाटते.

डॉक्टर बरोबर सांगताहेत. मला तर त्या ६.४ चीच जास्त काळजी वाटते. वर्षानुवर्षं वाढलेली साखर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते, हे खरंच आहे. पण ते नुकसान व्हायला वर्षं लागतात. साखर ७० च्या बरीच खाली गेली की मेंदू काही मिनिटांतच गोंधळू शकतो, कारण त्याच्याकडे ग्लुकोजचा साठा जवळजवळ नसतोच. शिवाय एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी. जेवणानंतर २५० आणि पहाटे ५५ असली, तरी कागदावर आकडा छानच दिसतो.

या वयात साखर पडल्याची हात थरथरणं, छातीत धडधडणं ही लक्षणं बोथट होतात. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीची गोळी) चालू असेल तर आणखीच. उरतात चिडचिड, असंबद्ध बोलणं, सुस्ती, पहाटे घामाने भिजलेला गाऊन, सकाळी डोकेदुखी. घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. म्हणून स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्याआधी आठवडाभर ग्लुकोमीटरने मोजा: सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, झोपताना, आणि दोन रात्री पहाटे ३ वाजता. त्या गोंधळलेल्या दिसल्या की त्याच मिनिटाला. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. फळ कापलेल्या हाताला साखर लागलेली असते, त्यामुळे रीडिंग खोटं जास्त येतं.

आता गोळ्यांची पाकिटं बघा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही असेल तर ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. ग्लिबेनक्लामाइड या वयात टाळावीच. क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर या गोळ्यांचा असर लांबतो. संकष्टीचा उपवास चंद्रोदयापर्यंत धरला आणि सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली, की संध्याकाळी साखर कोसळते. उपवास सोडायला सांगणं अवघड असतं, मला कळतं; पण त्या दिवसाचा डोस डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

इन्सुलिन बाटलीतून घेत असाल तर सिरिंज तपासा. आपल्याकडे दर मिलीलिटरला ४० आणि १०० युनिटची इन्सुलिनं मिळतात आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते: ४० ला लाल टोपी, १०० ला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात २५ युनिट जातं.

साखर कमी आली आणि त्या शुद्धीत असल्या, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. मग पोळी-भाजी किंवा भात. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर मात्र साखरेचा उपयोग फारसा होत नाही, कारण ही औषधं तिचं पचन अडवतात. तिथे साधी ग्लुकोज पावडरच लागते. घरात डबा हवाच. वर सांगितलेल्या गोळ्यांमुळे साखर पडली असेल तर ती काही तासांनी परत पडू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि आईंना एकटं सोडू नका. बेशुद्ध असल्या तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

विसराळूपणाचं दुसरं कारण बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षं घेतली की ते कमी होतं, शाकाहारी माणसात जास्तच. रक्तात २०० च्या खाली असेल तर इंजेक्शनं किंवा गोळ्या लागतात. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सोडियम, क्रिएटिनिन करून घ्या, कान आणि मोतीबिंदू तपासा. ऐकूच आलं नाही, तर लक्षात काय राहणार?

हे सगळं नीट निघालं आणि तरी विसर वाढत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे नक्की जा. मधुमेहात स्मृतिभ्रंशाचा धोका साधारण दीडपट असतो. पण एक-दोन दिवसांतच अचानक गोंधळ सुरू झाला, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा; बऱ्याचदा लघवीचा संसर्ग निघतो.

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. नोंदींची वही घेऊन जा आणि डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: साखर पाडणारी गोळी काढता किंवा बदलता येईल का, आणि सगळी औषधं तुम्ही घरी असता तेव्हा, म्हणजे सकाळी ८ च्या आत आणि रात्री ८ नंतर बसवता येतील का. आईंच्या हातात गोळी तुम्हीच ठेवा, आणि बाकीची पाकिटं कुलुपात.